न मोजलेला ०.७५

शनिवार, १३ मे २०००. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातलं वॉकरटन. गावाला पाणी पुरवणाऱ्या पाच नंबरच्या विहिरीच्या रोजनाम्यात त्या दिवशी एक आकडा लिहिला गेला : ०.७५. म्हणजे शुद्ध केलेल्या दर लिटर पाण्यात ०.७५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे. आकडा समाधानकारक होता. पण तो कुणीही मोजलेला नव्हता.

सुमारे ४,८०० वस्तीचं हे गाव टोरांटोच्या वायव्येला, शेतांनी वेढलेल्या ब्रूस काउंटीत आहे. त्या मे महिन्यात नळाचं पाणी पिऊन २,३०० हून अधिक माणसं आजारी पडली. ६५ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, २७ जणांच्या मूत्रपिंडांवर घाला पडला आणि सात जण दगावले. मृतांत जेमतेम दोन-अडीच वर्षांचं एक मूलही होतं.

पुढे न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या आयोगाने नऊ महिने सुनावणी घेतली आणि ११४ साक्षीदार तपासले. त्यामुळे त्या दिवसांचा हिशेब आज जवळजवळ तासागणिक मांडता येतो. ‘पाणी उकळून प्या’ ही सूचना रविवार, २१ मे रोजी दुपारी दीड वाजता निघाली. त्या क्षणापासून मागे मोजत गेलं, की हातातून किती वेळ निसटला ते कळतं.

आधीची बावीस वर्षं

पाच नंबरची विहीर १९७८ मध्ये खोदली गेली. ती उथळ होती. तिचं सगळं पाणी जमिनीखाली साधारण साडेपाच ते साडेसात मीटर एवढ्याच पट्ट्यातून यायचं. वर मातीचा थर पातळ आणि खाली भेगाळलेला खडक. मातीच्या जाड थरातून पाणी मुरतं तेव्हा ते गाळलं जातं. भेगांतून उतरलेलं पाणी मात्र वरची घाण घेऊनच उतरतं. विहीर सुरू झाली त्याच वर्षीच्या तपासण्यांत जंतू दिसले होते आणि वरचं पाणी विहिरीत उतरत असल्याची लक्षणं होती. बाजूला शेत होतं. तरीही विहिरीला परवानगी देताना कोणतीही खास अट घातली गेली नाही.

१९९४ मध्ये ओंटारिओच्या मार्गदर्शक नियमांत दुरुस्ती झाली. ज्या विहिरींत जमिनीवरचं पाणी थेट उतरतं, तिथे शिल्लक क्लोरीन आणि गढूळपणा यांची सतत, यंत्राने मोजणी व्हावी असं त्यात आलं. पाच नंबरची विहीर या वर्णनात तंतोतंत बसत होती. पण जुन्या विहिरींपैकी कोणत्या या नियमात येतात हे तपासायची व्यवस्थाच पर्यावरण खात्याने उभी केली नाही. नियम कागदावर आला, यंत्र विहिरीवर आलं नाही.

१९९६ मध्ये आणखी एक बदल झाला. नगरपालिकांच्या पाण्याचे नमुने तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळांनी ते काम थांबवलं आणि ते खासगी प्रयोगशाळांकडे गेलं. पाण्यात जंतू सापडले तर प्रयोगशाळेने पर्यावरण खात्याला आणि आरोग्य अधिकाऱ्यांना कळवलंच पाहिजे, असा कायदा मात्र त्याबरोबर झाला नाही.

पाणीपुरवठा सांभाळणाऱ्या माणसांची स्थिती काय होती? व्यवस्थापक स्टॅन कोबेल आणि त्यांचे भाऊ, फोरमन फ्रँक कोबेल यांना अनुभवाच्या आधारावर, परीक्षा न घेता प्रमाणपत्रं मिळाली होती. रोज क्लोरीन मोजायचं आणि नोंदवायचं असा नियम होता. वीस वर्षांहून अधिक काळ बहुतेक दिवशी ते मोजलं जात नव्हतं. रोजनाम्यात ०.५ किंवा ०.७५ असे आकडे मनाने भरले जात. क्लोरीनचा वास येतो अशी गावकऱ्यांची तक्रार असायची, म्हणून मात्राही कमीच ठेवली जाई. यात कुणाला मारायचा हेतू नव्हता. आपलं पाणी मुळातच चांगलं आहे अशी त्यांची श्रद्धा होती. विहिरीचं कच्चं पाणी ते स्वतः पीत होते.

२००० च्या एप्रिलच्या अखेरीस विहिरीजवळच्या शेतात शेणखत टाकलं गेलं. शेतकऱ्याने सगळं नियमाप्रमाणे केलं होतं. आयोगाने त्याला कोणताही दोष दिला नाही.

शुक्रवार, १२ मे, सायंकाळी ६ : सूचनेला २११ तास ३० मिनिटे

८ मेपासून पाऊस चालू होता. पाच दिवसांत १३४ मिलिमीटर पडला. त्यातला सर्वांत जोराचा, ७० मिलिमीटर, या संध्याकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंतच्या सहा तासांत कोसळला. आपल्या कोकणातल्या पावसाशी तुलना केली तर हा आकडा किरकोळ वाटेल. पण मे महिन्यात त्या भागात पाच दिवसांत एवढा पाऊस साठेक वर्षांतून एकदा अपेक्षित असतो.

शेतातलं शेणखत भिजलं. त्यातले जंतू पाण्याबरोबर पातळ मातीतून खाली गेले आणि भेगांतून विहिरीकडे निघाले. त्यांत दोन घातक होते : ई. कोलायचा ओ-१५७:एच-७ हा प्रकार आणि कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी. गुरांच्या पोटात पहिला जंतू त्यांना काही न करता राहतो. माणसाच्या आतड्यात तो असं विष सोडतो, की रक्ताचे जुलाब होतात, आणि लहान मुलांत व वृद्धांत मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

शुक्रवार, रात्री १०.४५ : सूचनेला २०६ तास ४५ मिनिटे

पाच नंबरचा पंप बंद झाला. ही वेळ आज आपल्याला मिनिटापर्यंत माहीत आहे. पंप कधी चालला आणि कधी थांबला याचा हिशेब राहिला. पंपातून येणाऱ्या पाण्यात क्लोरीन किती उरलं, हे त्या रात्री कोणतंही यंत्र मोजत नव्हतं.

इथे क्लोरीनचं गणित समजून घ्यायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. पाण्यात टाकलेलं क्लोरीन सगळंच्या सगळं जंतू मारायला उरत नाही. पाण्यातली माती, सेंद्रिय घाण, जंतू हे सगळं त्यातलं काही खाऊन टाकतं. समजा, लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन टाकलं आणि घाणीने ०.४ खाल्लं, तर ०.६ शिल्लक राहतं. हे शिल्लक क्लोरीन नळापर्यंत पाण्याचं रक्षण करतं. ओंटारिओत पंधरा मिनिटांच्या संपर्कानंतर किमान ०.५ शिल्लक राहिलं पाहिजे असा दंडक होता. आता टाकलेली मात्रा तेवढीच ठेवून घाण तिप्पट झाली, तर शिल्लक शून्य. म्हणून किती क्लोरीन टाकलं याला फार अर्थ नसतो. किती उरलं हेच विचारायचं असतं. उरलेलं एकाएकी घटलं, तर पाण्यात काहीतरी शिरलं आहे हे कोणत्याही जंतुपरीक्षेच्या आधी कळतं.

शनिवार, १३ मे, दुपारी २.१५ : सूचनेला १९१ तास १५ मिनिटे

पाच नंबरचा पंप पुन्हा सुरू झाला. त्याच दिवशी फ्रँक कोबेल रोजच्या फेरीवर आले. पंपाचा वेग आणि वापरलेलं क्लोरीन यांच्या नोंदी झाल्या. शिल्लक क्लोरीन मोजलं गेलं नाही. तक्त्यावर ०.७५ लिहिलं गेलं.

ते मोजायला काय लागतं? थोडं पाणी, एक रसायन, रंग जुळवायचा साधा संच आणि काही मिनिटं. आयोगाच्या निष्कर्षानुसार, त्या वेळी विहिरीत ई. कोलाय असण्याची दाट शक्यता होती. मोजलं असतं तर क्लोरीन उरलेलंच नाही हे समोर आलं असतं.

आणि विहिरीवर सतत मोजणारं यंत्र असतं तर? अशा यंत्राच्या नळीतून पाण्याची एक बारीक धार अखंड वाहत असते. एक संवेदक पाण्यातल्या क्लोरीनच्या प्रमाणात बदलणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजतो. दुसरा पाण्यात प्रकाशाची तिरीप सोडतो आणि गढूळ कणांवरून बाजूला किती प्रकाश उसळतो ते पाहतो. आकडा ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला की भोंगा वाजतो आणि पंप आपोआप बंद होतो. त्यासाठी रात्री कुणी जागं असायची, शनिवारी कुणी मन लावून काम करायची गरज राहत नाही. आयोगाचा निष्कर्ष स्पष्ट आहे. पाच नंबरच्या विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रं असती, तर ही साथ आलीच नसती.

रविवार, १४ मे : सूचनेला एक आठवडा

मातृदिनाचा रविवार. पाच नंबरची विहीर गावाला पाणी देत होती, गावाची दुसरी, सहा नंबरची विहीर मधूनमधून चालू-बंद होत होती. क्लोरीन आजही मोजलं गेलं नाही. घरोघरी किटल्या भरल्या, बाटल्यांत दूध कालवलं, मुलांनी दात घासले. पाणी स्वच्छ दिसत होतं. असं पाणी डोळ्याला, नाकाला, जिभेला काहीच सांगत नाही. या जंतूची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन-चार दिवस जातात. त्यामुळे गाव अजून ठणठणीत होतं.

सोमवार, १५ मे, दुपारी १.१५ : सूचनेला १४४ तास १५ मिनिटे

आठवडाभर बाहेर असलेले स्टॅन कोबेल कामावर परतले. सकाळी त्यांनी गावाची आणखी एक, सात नंबरची विहीर सुरू केली. तिचं क्लोरीन सोडणारं यंत्र बदलायचं होतं. नवं बसलं असेल असं बहुधा त्यांनी धरलं. काही तासांनी ते बसलेलं नाही असं कळलं. तरीही विहीर चालूच राहिली. सव्वा वाजता पाच नंबरची बंद झाली आणि गावाला क्लोरीनशिवायचं पाणी जाऊ लागलं. शुक्रवारपर्यंत ते तसंच जात राहिलं.

त्याच दिवशी पाण्याचे नमुने घेतले गेले आणि खासगी प्रयोगशाळेकडे रवाना झाले.

मंगळवार, १६ मे : सूचनेला पाच दिवस

प्रयोगशाळेत नमुन्यातले जंतू पोषक थरावर ठेवतात आणि ठरावीक उष्णतेला वाढू देतात. एका जंतूपासून डोळ्याला दिसेल असा ठिपका तयार व्हायला साधारण एक दिवस लागतो. ही घाई करता येण्याजोगी गोष्ट नाही. नमुना घेणं, पाठवणं, वाढवणं, मोजणं या सगळ्यात दोन दिवस सहज जातात. तोवर ते पाणी पिऊन झालेलं असतं. प्रयोगशाळेची जंतुपरीक्षा अनमोल आहे, पण ती कालच्या, परवाच्या पाण्याविषयी बोलते. आत्ताच्या पाण्याविषयी बोलतं ते विहिरीवरचं शिल्लक क्लोरीन आणि गढूळपणा. एकाने दुसऱ्याची जागा घेता येत नाही. वॉकरटनमध्ये पहिलं चालू होतं, दुसरं नव्हतं.

बुधवार, १७ मे : सूचनेला चार दिवस

निकाल आला. वितरण व्यवस्थेतून घेतलेल्या नमुन्यांत कोलिफॉर्म (पाण्यात घाण शिरल्याची खूण मानले जाणारे जंतू) होते आणि ई. कोलाय होते. सविस्तर मोजणी केलेल्या नमुन्यात तर ई. कोलायचा आकडा २०० च्या वर गेला होता. पिण्याच्या पाण्यात तो शून्य असावा लागतो. महामार्गावर नवी जलवाहिनी टाकण्याचं काम चालू होतं, तिथले नमुनेही दूषित निघाले.

प्रयोगशाळेने हे स्टॅन कोबेल यांना कळवलं. खात्याला नाही, आरोग्य विभागाला नाही. कायद्याने ते बंधन नव्हतं, आणि तसं कळवावं अशी मार्गदर्शक सूचना आहे हे प्रयोगशाळेला ठाऊक नव्हतं. ज्याच्या कामात चूक झाली त्याच्याच हाती चुकीचा पुरावा पडला आणि तिथेच थांबला. स्टॅन कोबेल यांनी कुणालाच सांगितलं नाही.

गुरुवार, १८ मे : सूचनेला तीन दिवस

गाव आजारी पडू लागलं. मदर तेरेसा शाळेत सुमारे वीस मुलं गैरहजर होती. पोटात मुरडा आणि रक्ताचे जुलाब असलेल्या दोन मुलांना ओवेन साउंडच्या रुग्णालयात दाखल करावं लागलं. पाण्यात काही बिघडलं आहे का, असं लोक पाणीपुरवठा कार्यालयाला विचारू लागले. त्यांना पाणी ठीक असल्याचं सांगितलं गेलं.

शुक्रवार, १९ मे : सूचनेला दोन दिवस

ओवेन साउंडच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. क्रिस्टन हॅलेट यांना ही लक्षणं ई. कोलायची वाटली. दोन्ही मुलं वॉकरटनची, एकाच शाळेतली. त्यांनी आरोग्य विभागाला फोन केला. एव्हाना वृद्धाश्रमातूनही जुलाबाच्या बातम्या येत होत्या. शाळेतली गैरहजेरी वाढली होती.

आरोग्य विभागाने पाणीपुरवठ्याकडे विचारणा केली. पाणी व्यवस्थित असल्याचं उत्तर स्टॅन कोबेल यांनी दिलं. दूषित निकाल हाती येऊन दोन दिवस झाले होते. हा जंतू अन्नातून, विशेषतः अर्धकच्च्या मांसातून पसरतो असा सर्वसाधारण अनुभव. त्यात पाणी स्वच्छ असल्याचं आश्वासन. म्हणून आरोग्य कर्मचारी दूषित अन्नाचा माग काढू लागले. एका खोट्या उत्तराने तपासाची दिशाच वळवली.

याच दुपारी सात नंबरच्या विहिरीवर नवं क्लोरीन यंत्र बसलं. स्टॅन कोबेल यांनी जलवाहिन्या धुवायला आणि जादा क्लोरीन सोडायला सुरुवात केली. हळूहळू सगळं निस्तरेल आणि कुणाला कळणार नाही, अशी त्यांची आशा असावी. सात नंबरचं क्लोरीनविना पाणी हे त्यांचं गुपित होतं. घात झाला होता पाच नंबरमधून, आणि ते त्यांनाही माहीत नव्हतं. मोजणी नसली की लपवणाऱ्यालासुद्धा आपण काय लपवतो आहोत ते कळत नाही.

शनिवार, २० मे : सूचनेला एक दिवस

व्हिक्टोरिया दिनाची जोडून आलेली सुट्टी सुरू झाली होती. रुग्णाच्या शौचाच्या नमुन्याच्या प्राथमिक चाचणीत ई. कोलाय ओ-१५७:एच-७ दिसला. आरोग्य विभागाने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच आश्वासन मिळालं. वाहिन्यांत त्या दिवशी क्लोरीन होतंच, कारण ते आदल्या दिवसापासून ओतलं जात होतं.

पाणीपुरवठ्याच्याच एका कर्मचाऱ्याने नाव न सांगता पर्यावरण खात्याच्या आपत्ती केंद्राला फोन करून दूषित नमुन्यांची माहिती दिली. केंद्राने स्टॅन कोबेल यांना विचारलं. त्यांनी फक्त महामार्गाच्या कामावरच्या नमुन्यांचं सांगितलं, गावाच्या पाण्याचं टाळलं.

रविवार, २१ मे, दुपारी १.३० : शून्य

आरोग्य अधिकारी डॉ. मरे मॅक्विग यांच्या विभागाने कुणाच्या आश्वासनावर न थांबता ‘पाणी उकळून प्या’ अशी सूचना काढली. ती स्थानिक रेडिओवरून प्रसारित झाली. सुट्टीचा रविवार होता. त्या दिवशी गावातल्या सुमारे निम्म्या लोकांपर्यंतच ती पोहोचली. काहींनी २३ तारखेपर्यंत नळाचं पाणी पिणं चालूच ठेवलं होतं. विभागाने स्वतः गावभर फिरून पाण्याचे नमुने घेतले.

पाऊस कोसळू लागल्यापासून २११ तास ३० मिनिटं गेली होती.

त्यानंतर

सोमवारी, २२ मे रोजी पहिला मृत्यू झाला. पर्यावरण खात्याने नोंदी मागितल्या. सात नंबरच्या विहिरीचा तक्ता खात्याच्या हाती पडण्याआधी बदलला गेला होता. मंगळवारी आरोग्य विभागाच्या नमुन्यांचे निकाल आले. दोन ठिकाणी ई. कोलाय होता, दोन्ही जलवाहिनीच्या बंद टोकांशी, जिथे पाणी साचून राहतं. हे समोर ठेवल्यावर स्टॅन कोबेल यांनी १७ मेच्या निकालांविषयी डॉ. मॅक्विग यांना प्रथमच सांगितलं. कागद सहा दिवस त्यांच्याकडे होता.

गावाला डिसेंबरपर्यंत पाणी उकळावं लागलं. पुढच्या पाहणीत कित्येकांना आतड्यांचा जुनाट त्रास आणि मूत्रपिंडांचे विकार मागे राहिल्याचं दिसलं. दोघा भावांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. डिसेंबर २००४ मध्ये स्टॅन कोबेल यांना एक वर्षाचा तुरुंगवास आणि फ्रँक कोबेल यांना नऊ महिन्यांची स्थानबद्धता सुनावण्यात आली.

हिशेब

दोन माणसांना शिक्षा झाली म्हणजे प्रश्न मिटला असं न्या. ओकॉनर यांनी मानलं नाही. प्रांताचे तेव्हाचे मुख्यमंत्री माइक हॅरिस यांनाही आयोगापुढे साक्ष द्यावी लागली. आयोगाने कशामुळे किती नुकसान टळलं असतं हे वेगवेगळं तोललं आहे, आणि मला त्या अहवालातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो.

प्रयोगशाळेने बुधवारीच आरोग्य विभागाला कळवलं असतं, तर सूचना १९ तारखेपर्यंत निघाली असती. तीनशे ते चारशे माणसांचा आजार टळला असता, पण मृत्यू टळणं अवघड होतं. माणसाने रोज क्लोरीन प्रामाणिकपणे मोजलं असतं, तर साथ बरीच आटोक्यात राहिली असती. विहिरीवर सतत मोजणारं यंत्र असतं, तर साथ आलीच नसती.

या तीन पायऱ्या नीट पाहाव्यात. अहवाल वेळेवर पोहोचला तर काही शेकडो माणसं आजारातून वाचतात. दिवसातून एकदा मोजलं तर बरीच वाचतात. अखंड मोजलं तर सगळी वाचतात. पाण्याच्या बाबतीत वेळेची किंमत इतक्या उघडपणे दुसरीकडे कुठे मांडली गेली असेल असं मला वाटत नाही.

यंत्रावर आंधळा विश्वास ठेवावा असं मी म्हणत नाही. संवेदकावर शेवाळ आणि क्षार चढतात, त्याचा आकडा हळूहळू सरकतो. ठरलेल्या दिवशी तो साफ करून, ज्ञात प्रमाणाच्या द्रावणाशी ताडून बघावा लागतो. हाताने केलेल्या चाचणीशी आणि प्रयोगशाळेच्या निकालाशी तो जुळतो का, हे तपासावं लागतं. भोंगा वारंवार वाजतो म्हणून कुणी तो बंद करून ठेवला, तर ते यंत्र असून नसल्यासारखं. पण नीट सांभाळलेल्या यंत्राला एक गुण असतो जो थकलेल्या, घाबरलेल्या किंवा सवयीने निर्ढावलेल्या माणसात नसतो. ते न मोजता आकडा लिहीत नाही.

ओंटारिओ या धड्यावर उभं राहिलं. २००० च्या ऑगस्टमध्येच नवे नियम आले आणि दूषित निकाल अधिकाऱ्यांना कळवणं प्रयोगशाळांवर बंधनकारक झालं. आयोगाने अहवालाच्या दोन भागांत १२१ शिफारशी केल्या. २००२ मध्ये सुरक्षित पेयजल कायदा झाला. पाणीपुरवठा चालवणाऱ्यांना शिकवणारं केंद्र वॉकरटनमध्येच उभारलं गेलं.

आपल्यालाही यातून हात झटकता येणार नाहीत. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुईलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. वॉकरटनच्या पाण्यातल्या दोन जंतूंपैकी एक तोच. आपल्या गावोगावी जलसुरक्षक विहिरीत टीसीएल ही क्लोरीनयुक्त पावडर टाकतो, नळाच्या पाण्यात ओटी (ऑर्थोटोलिडीन) द्रावणाचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का पाहतो आणि वहीत नोंद करतो. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं लागतं. सगळीकडे सतत मोजणारी यंत्रं लगेच बसणार नाहीत. पण जिथे विहीर उथळ आहे, आजूबाजूला शेणखत, सांडपाणी किंवा शोषखड्डे आहेत, तिथे ती आधी बसली पाहिजेत. आणि ती बसेपर्यंत रोजची वही खरी असली पाहिजे.

वॉकरटनच्या रोजनाम्यात महिनोन्महिने ०.५ आणि ०.७५ हेच आकडे ओळीने उभे होते. खरं पाणी इतकं एकसारखं कधीच नसतं. कुणी ती पानं नुसती उलटून पाहिली असती, तरी शंका आली असती. ती वही कुणी तशा नजरेने पाहिली नाही.

तुमच्या गावातली, सोसायटीतली, शाळेतली ती वही एकदा मागून पाहा. रोज तोच आकडा दिसला तर तो कुणी मोजला, कशाने मोजला, किती वाजता मोजला हे विचारा. पहिला मोठा पाऊस पडेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी तर नक्की जा, आणि आपल्या डोळ्यांसमोर मोजायला लावा.